बंदुकीची नळी घट्ट करताना

पौषात, एका मंगळवारी, माकणीजवळच्या गावात जत्रा होती. तिथं माझे यजमान फुग्यांच्या फळीसमोर कोसळले. त्यांच्या हातात बंदूक होती, ती खाली पडली. त्यांचा हात हलेना. पाय हलेना. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

मी तिथं नव्हते. मी परंड्यात, वाचनालयात, परत आलेल्या पुस्तकांची नोंद करत होते. फोन पाळणेवाल्या भाऊजींचा आला. ते यजमानांचे जत्रेतले सोबती. लहान मुलांचा, हातानं फिरवायचा पाळणा त्यांचा. पंचवीस-तीस वर्षं दोघांनी जत्रेत जागा शेजारी शेजारी घेतल्या. फोनवर ते एवढंच म्हणाले, "वहिनी, लातूरला या. घाई करू नका, पण या." घाई करू नका याचा अर्थ मला एसटी बार्शीच्या पुढं गेल्यावर कळला.

अकरा दिवस आम्ही लातूरच्या दवाखान्यात होतो. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती, पण सगळी नाही. सहाव्या दिवशी नर्सनं विचारलं, "काका, बाहेर ऊन आहे का हो?" आणि यजमान स्पष्ट म्हणाले, "काय की." मी खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आलं बोलणं परत. पण तेवढंच आलं होतं. पाणी देऊ का, काय की. दुखतंय का, काय की. मी कोण, काय की. आमच्याकडं एखादी गोष्ट माहीत नसली की माणूस सहज म्हणतो ते हे दोन शब्द. आयुष्यभरच्या बोलण्यातून हेच दोन का उरले, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

घरी निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "औषधं चुकवू नका. हात हलवून घ्या. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाऊ घाला. गिळता येतंय त्यांना, पण ते तोंड मिटून घेतात. असं बऱ्याच जणांचं होतं, मनच उठतं. खाणं सुटलं तर मग आपल्या हातात काही राहणार नाही."

हे वाक्य मी परंड्यापर्यंत मनात धरून आले.

घरी आल्यावर तेच झालं. मी दुधात भाकरी कुस्करली, आंबील केली, वरणात भात कालवला, केळं कुस्करलं. चमचा ओठाशी नेला की ओठ मिटायचे. रागानं नाही. दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून एखाद्यानं दार ओढून घ्यावं तसे. पुण्याहून मुलगी आली होती. ती म्हणायची, "बाबा, माझ्यासाठी एक घास." तिच्याकडं बघून ते एक घास घ्यायचे आणि तो गालात धरून ठेवायचे. ती पंधरा दिवस राहिली. तिच्या मुलाची शाळा होती, तिची नोकरी होती. जाताना ती दारात माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिला म्हणाले, "जा तू, मी बघते." काय बघणार होते मी? सकाळी अर्धी वाटी दूध, संध्याकाळी चार चमचे पाणी. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती. अंग पुसताना मला मोजायची नसली तरी बरगडी न् बरगडी मोजता यायची.

मी माणसांपेक्षा पुस्तकांत जास्त राहिलेली बाई आहे. बी.ए. झाले, लग्न होऊन परंड्याला आले, आणि किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीतल्या वाचनालयात नोकरी लागली ती आजपर्यंत. यजमानांचा धंदा त्यांच्या वडिलांपासूनचा. लाकडी फळीवर फुग्यांच्या ओळी, समोर टेबल, टेबलावर छर्ऱ्यांची बंदूक. नळी मधून मोडायची, मागच्या भोकात छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची, नेम धरायचा. वर्षातले पाच-सहा महिने ते जत्रांना असत आणि उरलेले महिने घरी, फळी रंगवत, बंदूक खोलून तेल घालत. मला त्या धंद्याची लाज वाटत होती असं नाही. पण मी कधी त्या फळीसमोर उभी राहिले नाही. ती बंदूक मी एकदाही हातात घेतली नव्हती.

मुलगी गेली त्याच आठवड्यात भाऊजी फळीचं सामान घेऊन आले. फळी अंगणात टेकवली, फुग्यांचं खोकं ठेवलं, आणि पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन आत येऊन पलंगाच्या कडेला बसले.

"लई आराम चाललाय राव," ते यजमानांना म्हणाले. "म्या एकट्यानं दोन जत्रा वढल्या. तुझ्या जागंवर एक चपलावाला येऊन बसला. त्याला म्हणलं, ऊठ, मालक यायलाय. कवा येतोस सांग?"

"काय की," यजमान म्हणाले.

"बघा वहिनी. आधी बी असंच. तारीख इचारली की काय की. ह्याला काय बी झालेलं न्हाय, सोंग हाय सगळं."

यजमानांच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. भाऊजींनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी पटकन खाली बघून पोतं सोडलं.

"पडली तवा दगडावर आपटली," ते म्हणाले. "नळी बघ, दात पडायला आलेल्या पोरावानी हलतीया."

त्यांनी नळी धरून हलवली. टक, टक असा आवाज आला. यजमानांनी मान वळवली. मग डावा हात पुढं केला. भाऊजींनी बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि यजमानांनी डाव्या हातानं नळी धरून स्वतः हलवली. टक, टक. त्यांच्या कपाळाला आठी पडली. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर मला एक विचार दिसला. तो जिवंत माणसाचा विचार होता. हे काय झालं, का झालं, आता काय करावं.

माझ्या हातात आंबिलीची वाटी होती. मी चमचा नेला. त्यांचं लक्ष नळीकडं होतं. तोंड उघडलं, त्यांनी गिळलं. मी दुसरा नेला. वाटी संपली.

भाऊजी बघत होते. मी बघत होते. बोललो तर थांबेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बंदूक दुरुस्त करायला बसलो. आम्ही म्हणजे, त्यांचे डोळे आणि डावा हात, आणि माझे दोन अडाणी हात. वाचनालयात मी यंत्रांवरची दोन पुस्तकं चाळली, त्यात काही नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, ते लोक फार भरभर बोलत होते. शेवटी मी त्यांच्याकडूनच शिकले.

जिथं नळी मोडते तिथं एक जाड बोल्ट आडवा घातलेला असतो. नळीचं बूड बंदुकीच्या दोन लोखंडी जबड्यांच्या मधे बसतं आणि बोल्ट तिन्हींना एकत्र धरतो. नळीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी एकेक पातळ वायसर, म्हणजे भोकाची पत्र्याची चकती, असतो. ते वायसर झिजले की नळी डावी-उजवीकडं हलते. मला वाटलं, बोल्ट आवळला की झालं. मी सगळा जोर लावून आवळला. यजमानांनी बंदूक माझ्याकडं ढकलली: मोड. नळी मोडेचना. त्यांच्या घशातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता.

"काय की," ते म्हणाले. पण या वेळी त्याचा अर्थ होता, अगं बाई, असं नसतं.

मग वायसर. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं कपाटाकडं दाखवलं. मी एकेक वस्तू काढून दाखवत गेले, ते मान हलवत गेले, आणि पावडरचा डबा हातात आल्यावर थांबले. त्याचा पत्रा. मी कापड कापायच्या कात्रीनं तो कापला, बोटही कापून घेतलं. खिळ्यानं भोक पाडलं, बारक्या कानशीनं मोठं केलं. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून वायसर गोल गोल घासायचा, म्हणजे कडा सपाट होतात. घासून झाला की त्यांच्या हातात द्यायचा. ते अंगठा आणि बोटामधे धरून डोळे मिटायचे आणि परत द्यायचे: अजून. मी परत घासायची. आणि प्रत्येक वेळी, घासणं आणि देणं यांच्या मधे, मी एक घास द्यायची.

चौथ्या दिवशी नळी बसली. बंदुकीत छर्रा नव्हता, स्प्रिंग ओढलेली नव्हती. त्यांनी मला नळी थोडी मोडायला लावली आणि सोडायला लावली. जिथं सोडली तिथं ती थांबली. आपल्या वजनानं खाली आली नाही, आणि हातानं ढकलल्यावर अडखळलीही नाही. तीच तिची परीक्षा. यजमानांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. माझ्या कुठल्याच कामाकडं त्यांनी असं बघितल्याचं मला आठवत नाही. त्या आनंदात मी भाकरीचे दोन तुकडे जास्त कुस्करले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड मिटून घेतलं.

बंदूक नीट झाली होती. काम राहिलं नव्हतं. मी नळी मोडून दाखवली, सरळ करून दाखवली, म्हणाले, "अहो, बघा ना, किती छान बसलीय." त्यांनी एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी चार चमचे दूध गेलं. त्याच्या पुढच्या दिवशी तेही नाही. मी भाऊजींना बोलावलं. त्यांनी सगळ्या गमती करून बघितल्या. मी पलंगाशी बसून हात जोडले. यजमानांच्या समोर मी कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. त्यांनी डाव्या हातानं माझा खांदा थोपटला. पण तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले असताना मी बंदूक स्वयंपाकघरात नेली आणि बोल्ट पाव फेरा सैल केला.

आता यात मी काय केलं ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून जत्रेतली एक रीत सांगायला हवी. फुगेवाले लोक बंदूक मुद्दाम ढिली ठेवतात. सगळे नाही, पण पुष्कळ. बोल्ट पाव फेरा सोडायचा. नळी इतकी कमी हलते की गिऱ्हाइकाला कळत नाही, पण छर्रा फुग्याच्या बाजूनं जातो. गिऱ्हाईक म्हणतं, माझाच नेम चुकला, आणि पुन्हा पैसे काढतं. यजमानांना याची चीड होती. प्रत्येक जत्रेच्या सकाळी ते नळी तपासत. कुणी नळी आपटून बंद केली की ओरडत, "ओ पावनं, नळी हाय ती, गोठ्याचं दार न्हाय!" त्यांच्या बंदुकीनं लहान पोरंसुद्धा ओळीनं फुगे फोडत. भाऊजी चिडवायचे, "असल्या धंद्यात बायकोच्या पगारावर जगावं लागतंय." ते म्हणायचे, "जगतोय की. तुझ्या पोटात का दुखतंय?" आणि ज्यांची बंदूक ढिली असे त्यांच्या हातचा चहा ते घेत नसत. भांडण नाही, काही नाही. चहा पुढं केला की म्हणायचे, आत्ताच झाला. हे भाऊजींनीच मला पूर्वी हसत हसत सांगितलं होतं.

आणि मी तेच केलं. पाव फेरा.

संध्याकाळी वाचनालयातून आल्यावर मी बंदूक त्यांच्याजवळ ठेवली आणि म्हणाले, "अहो, परत हलायला लागली वाटतं." त्यांनी मान वळवली. नळी हलवली. आठी पडली. मी वरण-भाताची वाटी घेतली.

असे तीन आठवडे गेले. मी बोल्ट सैल करायची, कधी वायसर काढून त्याच्या जागी झिजलेला घालायची. ते शोधायचे, आम्ही दुरुस्त करायचो, दोन-तीन दिवस त्यात जायचे, आणि त्या दिवसांत ते खायचे. गालावर थोडं मांस आलं. उजव्या पायाची बोटं हलायला लागली. फोनवर मुलीला मी सांगितलं, बाबा सुधारतायत. ती म्हणाली, "आई, कसं काय जमवलंस गं?" मी म्हणाले, "काही नाही, बसते त्यांच्याशी."

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. ते स्वतःवर चिडायला लागले होते. पावडरच्या डब्याचा पत्रा टिकत नाही, म्हणून त्यांनी दुधाच्या पावडरीच्या डब्याचा घ्यायला लावला. तोही टिकेना. भाऊजींकडून पितळी पत्रा आणवला. वायसर किती जाड हवा ते बोटांच्या चिमटीतून त्यांना कळायचं. आता ते चिमटीत धरून पुन्हा पुन्हा दाबायचे, आणि मग आपल्याच बोटांकडं बघत राहायचे. एकदा तो वायसर त्यांनी फेकून दिला. तो भिंतीला लागून पलंगाखाली गेला. मी वाकून शोधत होते तेव्हा वरून आवाज आला, "काय की. काय की. काय की." त्यांना वाटत होतं की हातातली विद्या गेली. एक हात गेला होता, दुसऱ्यानं जे कळायचं तेही गेलं. आणि ते मी करत होते.

मी थांबायला हवं होतं. मी स्वतःला म्हणायची, उद्या घट्ट ठेवायची. मग सकाळी ते कसे खातात ते बघायची, आणि दुपारी परत स्क्रूड्रायव्हर घ्यायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एका शनिवारी पितळी वायसर घालून नळी उत्तम बसली. त्यांनी ती पाच-सहा वेळा मोडून घेतली. मग माझ्या वाचनालयाच्या पिशवीकडं बोट दाखवलं. मी एकेक वस्तू काढली: चष्म्याचं घर, वही, शिक्क्याची शाई, पेन. व्हाइटनरच्या बाटलीशी ते थांबले. पुस्तकांवरचे चुकलेले नंबर खोडायला ती मी जवळ ठेवते. त्यांनी बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि तिथून सरळ जबड्याच्या लोखंडावर ओढलं. इथून इथपर्यंत रेघ मार. मी मारली. पांढरी, बारीक, सरळ रेघ. अर्धी बोल्टवर, अर्धी बंदुकीवर.

मला ते कशासाठी ते कळलं नाही. मला वाटलं, काम पुरं झाल्याची खूण असेल. मी एवढी शिकलेली, आणि मला एवढं कळलं नाही.

रविवार गेला. सोमवारी सकाळी त्यांनी चार घास घेऊन तोंड मिटलं. दुपारी ते झोपल्यावर मी बोल्ट पाव फेरा सोडला. व्हाइटनरवरून स्क्रूड्रायव्हर घसरला, थोडा पांढरा टवका निघाला. मी तो पदरानं पुसला.

संध्याकाळी मी बंदूक त्यांच्यापुढं ठेवली. "अहो," मी म्हणाले, "आज परत—"

त्यांनी नळी हलवून बघितली नाही. त्यांनी सरळ बोल्टकडं बघितलं. रेघ तुटली होती. बंदुकीवरची अर्धी रेघ होती तिथंच होती, बोल्टवरची अर्धी बाजूला फिरली होती. बोल्ट आपोआप फिरतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तसा तो फिरत असता तर रेघ थोडी थोडी सरकली असती. पण बोल्टच्या खाचेत ताजा चरा होता, पांढऱ्यावर चकाकणारा. त्यांनी त्या चऱ्यावर बोट ठेवलं. बोट तिथंच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी केलं," मी म्हणाले. "मीच करत होते. पहिल्यापासून. तुम्ही खात नव्हता हो. मी काय करू?"

त्यांच्याजवळ दोन शब्द होते, तेही त्यांनी वापरले नाहीत.

"तुमची बोटं बरोबर होती," मी म्हणाले. "वायसर सगळे बरोबर होते. पावडरच्या डब्याचासुद्धा."

मग मी वाटी उचलली आणि चमचा पुढं केला, काय करावं ते न कळून. त्यांनी चमचा बाजूला केला. ढकलला नाही. डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं हळूच बाजूला केला, जसं कुणी पुढं केलेला चहा बाजूला करावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बंदूक मागितली. स्क्रूड्रायव्हर मी खाचेत धरला, त्यांनी माझ्या मुठीवर आपली डावी मूठ ठेवली आणि पाव फेरा परत आवळला. रेघ जुळली. त्यांनी बंदुकीकडं आणि मग पोत्याकडं बोट दाखवलं. मी ती गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी ती परत मागितली नाही.

त्या दिवशी ते जेवले. पण माझ्या हातून नाही. ताट जवळ ओढून घेतलं आणि डाव्या हातात चमचा धरून खायला लागले. भाकरीचा काला अंगावर सांडला, हनुवटीवर आला, चादरीवर पडला. मी पुसायला गेले तर त्यांनी मान हलवली. मला आशा वाटली. डॉक्टरांना फोन केला तर तेही म्हणाले, स्वतः खातात ना, मग हे चांगलंच लक्षण आहे. पण एका हातानं, तेही डाव्या, माणूस किती खाणार? सकाळी चार घास, संध्याकाळी दोन. मी ताट ठेवून बाहेर जायची, कारण मी समोर असले की ते थांबायचे. दारामागं उभी राहून मी चमच्याचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की आत जायची. ताटात बहुतेक सगळं तसंच असायचं.

मी भाऊजींना सांगितलं, तुम्ही भरवून बघा. ते आले. म्हणाले, "चल, म्या भरवतो, लगीन लागल्यागत." त्यांच्या हातून यजमानांनी सहा घास घेतले. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. भाऊजी रोज येऊ शकत नव्हते, जत्रांचा हंगाम चालू होता. तरी जेवढं येता आलं तेवढं ते आले.

फाल्गुनात दुसरा झटका आला. मुलगी आदल्या दिवशीच पोचली होती. या वेळी डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात नेऊन काही होणार नाही. सकाळी नऊच्या सुमाराला, उन्हाची तिरीप पलंगाच्या पायापर्यंत आली होती तेव्हा, ते गेले.

दुसरा झटका खाण्यामुळं आला नाही, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. तो यायचा तर येतोच, म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. पण मी काय केलं ते डॉक्टरांना माहीत नव्हतं.

ते मी फक्त भाऊजींना सांगितलं, तेराव्यानंतर. अंगणात बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गंमत केली नाही, समजूतही काढली नाही. चहाचा कप हातात फिरवला. मग विचारलं, "शेवटी तुमच्या हातचं पाणी घेतलं का त्यानं?"

"पाणी मुलीनं पाजलं," मी म्हणाले.

"तुमी पुढं केलं होतं का?"

"केलं होतं."

त्यांनी मान हलवली आणि चहा संपवला. जाताना फळी न्यायची का विचारलं. मी नको म्हणाले.

नंतर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. मी खोटं वागले नसते तर ते माघातच गेले असते, असंही वाटतं. त्या तीन आठवड्यांत त्यांच्या पायाची बोटं हलली, हे खरं आहे. त्याच तीन आठवड्यांत त्यांना आपल्या बोटांचा भरवसा राहिला नाही, हेही खरं आहे. रेघ जुळवताना त्यांची मूठ माझ्या मुठीवर होती. ती रागाची होती की दुसरी कसली, ते मी ठरवू शकत नाही. हे उलगडून सांगेल असं पुस्तक मला वाचनालयात सापडलेलं नाही, आणि मी शोधलेलं आहे.

भाऊजी अजून जत्रांना जातात. यजमानांच्या जागेवर चपलावाला बसतो. मुलगी रविवारी फोन करते. मी सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडते, आणि दुपारी एका माणसाचा स्वयंपाक करते.